आधी गवत मोजा, मग जनावर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या सुमारास ठाणे, डोंबिवली, वाशी, खारघरकडच्या गाड्या मुरबाड-शहापूरच्या रस्त्याला लागतात. कुणी वरकस, म्हणजे भाताला न येणारी माळरानाची जमीन घेतलेली असते, कुणी बघायला आलेला असतो. कमरेएवढे गवत वाऱ्यावर हलत असते, ओढ्याला पाणी असते. जमिनीचा व्यवहार पुरा होण्याआधीच बघणाऱ्याच्या मनात दहा गाई आणि पन्नास शेळ्या चरू लागतात. वरातीतला नवरा आणि सप्टेंबरमधला माळ, दोघांनाही त्या दिवशी पाहून संसाराचा अंदाज बांधू नये. तोच माळ मे महिन्यात पुन्हा बघावा. तेव्हा जे शिल्लक असते, त्यावर जनावरांची संख्या ठरते. मोकळ्या रानावर पशुपालन करू पाहणाऱ्यांसाठी काही हिशेब आपल्या पत्रातून मांडावेत, म्हणून हा प्रपंच.

परदेशातल्या हजारो एकरांच्या कुरणांच्या चित्रफिती पाहून तोच साचा इथे बसवायला जाणाऱ्यांची पहिली चूक हिशेबाची असते. तिकडचा धंदा मुख्यतः मांसाच्या गुरांवर चालतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईंप्रमाणेच बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे कळपात जन्मलेला प्रत्येक गोऱ्हा आणि म्हातारी झालेली प्रत्येक गाय तुमच्याच गवतावर जगणार, हे धरून संख्या ठरवावी लागते. इथे मोकळ्या रानावर जमते ते तीन वाटांनी: काटक देशी गाई (त्यांचे थोडे दूध, शेण आणि शेतीकामाचे बैल), शेळ्या, किंवा दोन्ही मिळून. जमिनीबाबत एकच सांगतो. राज्यात शेतजमीन घ्यायला साधारणतः मुळात शेतकरी असावे लागते. ती चौकशी गोठ्याच्या नकाशाआधी करावी.

आता गवत. ठाणे जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो, पण चारच महिने. गवत झपाट्याने वाढते, सप्टेंबरअखेर फुलोऱ्यात येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात काडी होते. नोव्हेंबरनंतर उभ्या गवतात पोट भरण्यापलीकडे फारसे काही उरत नाही, प्रथिने जवळजवळ निघून गेलेली असतात. नवा कोंब फुटायला जून उजाडतो. त्यामुळे या पट्ट्यात पशुपालन म्हणजे चराईपेक्षा जास्त वैरणीची साठवण.

मोजणी सोपी आहे. चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती रानात दहा ठिकाणी टाका. चांगल्या जागा निवडून नव्हे, चालता चालता ठरावीक पावलांवर. खडकावर पडली तरी ती जागा मोजायची. चौकटीतले गवत जमिनीपासून दोन इंच सोडून विळ्याने कापा, काडी कडकन मोडेपर्यंत वाळवा आणि वजन करा. दहांची सरासरी घ्या. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. सरासरी २५० ग्रॅम आली तर एकरी एक टन वाळले गवत. यातले निम्मेच जनावराचे. बाकीचे निम्मे तुडवले जाते, कुजते, मुळांना धरून राहते, आणि ते राहिलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी उतारावरची माती ओढ्यात जाते.

तीनशे किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच टक्के म्हणजे साडेसात किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला सुमारे २,७०० किलो. एकरी ५०० किलो हातात येत असेल तर एका गाईला साडेपाच एकर. तीस किलोची शेळी वजनाच्या साडेतीन टक्क्यांप्रमाणे रोज किलोभर कोरडा चारा खाते. वर्षाला ३६५ किलो. शेळी पाला, शेंगा, झुडपे खाते म्हणून तिचा भार गवतावर थोडा कमी पडतो, तरी पाच एकरांच्या उघड्या माळावर पन्नास शेळ्या हे गणित कुठल्याच बाजूने बसत नाही. गवत वेळेवर कापून घेतले तर निम्म्याहून जास्त हाती येते, भाताचा पेंढा विकत घेता येतो, पाल्याची झाडे लावता येतात. पण ही वाढीव भर आहे. पाया त्या चौकटीतल्या वजनाचाच.

मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथला गुरांचा बाजार नावाजलेला आहे. हौसेने जनावर घेण्याचा तोच मुहूर्त अनेकजण साधतात. जनावर चांगले मिळतेही. पण पौषात घेतलेल्या गाईला पुढचे पाच महिने एकही नवी काडी मिळणार नाही. जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १५० दिवस, रोज साडेसात किलो, म्हणजे सव्वाअकराशे किलो. वाया जाणाऱ्या गवतासाठी पाचवा हिस्सा जादा धरला तर एका गाईमागे सुमारे १,३५० किलो वैरण बाजाराला जाण्याआधी उडवीत, म्हणजे गवताच्या गंजीत, रचलेली हवी. ती नसेल तर फेब्रुवारीत वखारीतून मिळेल त्या भावाने गवत घ्यावे लागते आणि एप्रिलमध्ये गाय मिळेल त्या भावाने विकावी लागते.

कापणी फुलोऱ्यात करावी, कुसळ धरल्यावर नाही. पवना आणि मारवेल ही आपल्याकडची चांगली गवते. कुसळी हे गवत कोवळे असताना जनावरे खातात, पण पिकल्यावर त्याची टोकदार कुसळे शेळ्या-मेंढ्यांच्या हिरड्यांत, डोळ्यांत आणि कातडीत घुसतात. परतीच्या पावसाची भीती असते म्हणून लोक कापणी पुढे ढकलतात, आणि टन वाढतो पण कस जातो. थोडे थोडे कापून दोन-तीन दिवस उन्हात उलटसुलट करावे. पेंडी पिरगाळली की ओली वाकते, वाळलेली तुटते. ओलसर गवत रचले तर उडवी आतून तापते, बुरशी धरते, आणि ते खाऊन गाभण जनावर गाभडू शकते. उडवीखाली दगड-लाकडाचा हातभर ओटा हवा. दोन उडव्यांत अंतर ठेवावे, म्हणजे आग लागली तर सगळे एकदम जात नाही.

वणव्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे: रान जाळले की गवत चांगले येते. जाळल्यावर काळ्या जमिनीतून हिरवे कोंब लवकर दिसतात, एवढेच खरे. जळतो तो मार्च ते जूनचा उभा चारा, झाडांची रोपे आणि मातीवरचे आच्छादन. शिवाय कुसळीसारखी गवते आगीतून तगतात, चांगली गवते मागे पडतात. दिवाळीनंतर हद्दीवर किमान दहा फूट रुंद पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा ठेवावा. रस्त्याच्या बाजूने तो दुप्पट असावा, कारण विडी-सिगारेट तिथूनच येते.

भाताचा पेंढा इथे मुबलक, पण त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. युरिया प्रक्रियेने तो सुधारतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने झारीने शिंपडायचा, दाबून रचायचा, वर प्लास्टिक ताणून हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्यायचा, मग थोड्या प्रमाणात सुरुवात करून आठवड्यात पूर्ण द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासराला देऊ नये. यात घात होतो तो एकाच जागी: अंदाजाने घातलेला किंवा न विरघळलेला युरिया. खडे राहिलेला पेंढा खाऊन जनावर तासा-दोन तासांत मरू शकते. म्हणून वजनकाटा नसेल तर या वाटेला न गेलेले बरे. पाल्यासाठी बांधावर शेवरी, हादगा, गिरिपुष्प, सुबाभूळ लावावीत. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, केस गळतात आणि गलगंड होतो.

चराईत सगळ्यात महाग पडणारी घाई जूनमधली. पहिल्या पावसाने कोंब फुटतात आणि उपाशी जनावरे लगेच त्यावर सोडली जातात. तो कोंब मुळांत साठलेल्या अन्नावर वाढत असतो. त्याच वेळी तो वरचेवर खुडला तर ठोंबा मरतो, आणि तीन-चार वर्षांत त्या जागी टाकळा, रानमोडी आणि घाणेरी ही तणे दिसू लागतात. गवत वीतभर होईपर्यंत, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापर्यंत, रान बंद ठेवावे. साठवणीचा हिशेब करताना हा एक महिना बहुतेकजण विसरतात. तो धरला तर वरचे १५० दिवस १८० होतात आणि १,३५० किलो सव्वासोळाशे होते. पुढे रानाचे चार भाग करावेत. गवत वीतभर असताना जनावर आत घालायचे, तीन बोटे उरले की पुढच्या भागात न्यायचे. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत पूर्ण राखायचा आणि तो भाग फिरता ठेवायचा.

त्या कोवळ्या गवताचा दुसरा धोका पोटाचा. पाणचट, लुसलुशीत गवत अधाशीपणे खाल्ले की पोटफुगी होते. शेळ्यांत आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग) ही होतो, त्यात काल धडधाकट असलेले करडू सकाळी मेलेले सापडते. सोडण्याआधी दावणीला सुके गवत खायला घालावे, दव वाळल्यावरच बाहेर काढावे. पोटफुगीत डावी कूस नगाऱ्यासारखी वाजते. गाईला पाव ते अर्धा लिटर आणि शेळीला ५० ते १०० मिलिलिटर गोडेतेल पाजतात, पण डोके वर ओढून घशात ओतले की ते फुप्फुसात जाते आणि जनावर त्यानेच दगावते. जबड्याच्या कडेने हळूहळू पाजावे, पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे आणि डॉक्टरांना बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

पाण्याचा हिशेब उन्हाळ्यावरच करावा. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात रोज ५० लिटर, शेळीला ५ ते ६ लिटर. दहा गाईंना फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ६०,००० लिटर लागते; दहा हजारांचे सहा टँकर. ओढा डिसेंबरात आटतो आणि उरलेल्या डबक्यांवर जनावर नेणे म्हणजे जंत पाजणे. भातखाचरे आणि पाणथळ जागांतल्या गोगलगायींतून पर्णकृमी, म्हणजे यकृतात राहणारे पानासारखे चपटे जंत, येतात. जनावर खंगते, जबड्याखाली मऊ सूज लोंबते. पाणी पाजायची डोण सिमेंटची, उथळ आणि आठवड्याला घासून धुता येईल अशी असावी, सावलीत असावी. तिच्याभोवती दगडी फरसबंदी नसेल तर महिन्याभरात चिखलाचे नवे डबके तयार होते.

जंतांच्या औषधाचा मारा करणे चांगले नाही. शेळीची खालची पापणी ओढून बघावी. लालभडक असेल तर औषध नको. पांढुरकी पडली असेल तर तिलाच द्यावे. सरसकट दर महिन्याला तेच औषध दिले की जंत त्याला दाद देईनासे होतात. पर्णकृमीचे औषध वेगळे असते. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर चालते, कोवळ्यांवर नाही. गाभण काळाच्या सुरुवातीला अल्बेन्डाझोल टाळावे.

लसीकरण मात्र सरसकटच हवे आणि पावसाआधी हवे. घटसर्प व फऱ्या या गुरांच्या पावसाळी रोगांची आणि शेळ्यांची आंत्रविषाराची लस मे महिन्यात टोचून घ्यावी, कारण अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जुलैत साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना पंधरा ते एकवीस दिवसांनी दुसरी मात्रा लागते. ती बहुतेकदा राहून जाते. लाळ्या खुरकूत दर सहा महिन्यांनी, लम्पीची वर्षातून एकदा, शेळ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस चार महिन्यांच्या वयानंतर आणि मग तीन वर्षांनी. २०२२ मध्ये लम्पी पसरली तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. म्हणून बाजारातून आणलेले जनावर २१ दिवस वेगळ्या दावणीला, वेगळ्या भांड्यांवर ठेवावे. घेताना कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसीची नोंद विचारावी.

जात निवडताना दुधाचा आकडा बघू नये, पाऊस बघावा. डांगी गुरे सह्याद्रीच्या पावसातच घडलेली आहेत. त्यांची कातडी तेलकट असते आणि पाणी धरून ठेवत नाही. कोकण कपिला लहान चणीची, कमी खाणारी, डोंगर चढणारी. संकरित गाय उघड्या माळावर सोडली तर गोचीड तापाने आणि उन्हाने बेजार होते. शेळ्यांत कोकण कन्याळ इथल्या दमट हवेची. उस्मानाबादी उत्तम जात, पण ती कोरड्या मुलखातली. तिला ओल्या चिखलात ठेवले की खुरे सडतात आणि निमोनिया होतो. घाटावरचे मेंढपाळ दिवाळीनंतर खाली उतरतात, भातखाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाआधी वर निघून जातात. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते वेळापत्रक एवढेच सांगते की कोकणच्या पावसात मेंढी ठेवू नये. तरी ‘बंगल्यामागे चार मेंढ्या’ ही हौस दरवर्षी दिसते.

शेळ्यांचा निवारा जमिनीवर नको. तीन-चार फूट उंच लाकडी किंवा बांबूचा माच, फळ्यांत बोटभर फट. लेंड्या खाली पडतील पण करडाचा पाय अडकणार नाही. एका मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट. नैर्ऋत्येकडची बाजू पावसासाठी बंद, बाकी वरून हवेशीर. कोंदट गोठ्यात अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरले तर त्यांचेही चुरचुरतात. गाईला छपराखाली ४० चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा दिली की मुक्त संचार गोठा होतो. पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड पुरे, दर दोन वर्षांनी तो बदलावा. गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बोकड कळपात असला की करडे भर पावसात येतात आणि मरतात. बोकड मेअखेर सोडावा, करडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. मात्र मेमध्ये शेळ्या हडकलेल्या असतात. त्याआधी तीन आठवडे रोज पाव किलो भरडा दिला नाही तर माज नीट येत नाही. करडाला जन्मल्यावर पहिल्या तासात चीक मिळालाच पाहिजे.

कुंपणात पैसे कोपऱ्यावर घालावेत. तार ताणली की सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो तीन फूट खोल, तिरक्या टेक्यासह नसेल तर पहिल्याच पावसात झुकतो आणि मग सगळी ओळ सैल. मधले खांब दहा फुटांवर चालतात. गाईंना पाच तारा पुरतात. शेळीला खालच्या दोन फुटांत जाळीच हवी, तारेतून ती निघतेच. तारेत सौम्य झटका सोडणारे सौर झटका मशीन चांगले, पण घरातली वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. इथे भाताची कापणी झाली की गावची गुरे उन्हाळाभर मोकळी सुटतात. ती जुनी रीत आहे. तुमचे कुंपण नवे आहे. गुरांच्या वाटा आणि पाणवठ्यावर जाणारी पायवाट अडवून तारा ओढल्या की त्या एका आठवड्यात तुटलेल्या दिसतात, यात नवल नाही. रात्री मात्र सगळी जनावरे आत, शेळ्यांच्या वाड्याला वरूनही जाळी. बिबट्या सहा फुटांची भिंत सहज ओलांडतो, आणि शहरालगत भटके कुत्रे त्याहून जास्त शेळ्या मारतात. बिबट्याने जनावर मारले तर ते न हलवता ताबडतोब वनखात्याला कळवावे, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही.

राहता राहिले गुरचरण, म्हणजे गावाची सामाईक चराईची जमीन. स्वतःची पाच एकर अपुरी पडली की नवा पशुपालक गावच्या गुरचरणाकडे बघतो. ते ज्यांची गुरे पूर्वीपासून तिथे चरतात त्या गावकऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली अशा जमिनी चराईसाठी राखून ठेवता येतात, आणि २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. ठाणे जिल्ह्यात घरांचे आणि गोदामांचे टोक जिथवर पोहोचले आहे, तिथे गुरचरण सातबाऱ्यावर शोधावे लागते. जिथे ते अजून गवतासह शिल्लक आहे, तिथल्या ग्रामसभांनी यंदा जूनच्या पहिल्या पावसापासून जुलैच्या मध्यापर्यंत चराईबंदीचा ठराव करावा आणि पशुसंवर्धन विभागाने त्या पाड्यांवरचे लसीकरण मे महिन्यातच संपवावे, एवढी आमची दोन्हीकडे विनंती आहे. ठराव एप्रिलच्या सभेत झाला तरच गुराख्यांना त्या महिना-दीड महिन्याची वैरण राखून ठेवता येईल.

आपले,
मुरबाड-शहापूर परिसरातील काही पशुपालक
(जि. ठाणे)